मेणाने बसवलेलं टोक

माझी वहिनी एमॉट गोड स्वभावाची होती असं तुम्हाला कुणी सांगितलं, तर त्याने तिला पाहिलेलंच नाही असं समजा. तिच्या तोंडाला कुणी लागत नसे. आमच्या ओकनशॉ गावात विहिरीवरच्या बायका तिला आधी पाणी भरू देत, ते मानाने नव्हे, तर तिने लवकर घरी जावं म्हणून. मी तिची नणंद, सिसली. नवरा गेल्यावर मी माहेरी परतले आणि मग सगळा जन्म तिच्याच चुलीपाशी काढला. तेव्हा तिचं काय बरंवाईट सांगायचं असेल ते मी सांगणार. बाकीच्यांनी आपापली घरं सांभाळावीत.

आमच्या चेशायरात जंगलाच्या कडेची गावं बाणांवर जगत. पुरुष लाकूड चिरून दांडे तासत, मुली हंसांची पांढरी पिसं बांधत, विल्किन लोहार टोकं घडवी. दांड्यावर टोक बसवायचं शेवटचं काम तेवढं एमॉटचं. ऐकायला सोपं वाटतं. शिकारीचा बाण असेल तर टोक सरसाने चिकटवून वर बारीक खिळा मारायचा, म्हणजे हरणाच्या अंगातून बाण अख्खा निघतो आणि पुन्हा कामाला येतो. लढाईच्या बाणाचं टोक मात्र नुसत्या मेणाने बसवायचं. उडताना ते घट्ट राहिलं पाहिजे, आणि अंगात शिरलं की उबेने सैल पडलं पाहिजे. माणूस दांडा ओढतो, दांडा हातात येतो, लोखंड आत राहतं. मग तो माणूस आज ना उद्या त्यानेच जातो.

एमॉटचं मेण लांबवर प्रसिद्ध होतं. त्यात ती थोडी राळ आणि दलदलीत वाढणाऱ्या एका झुडपाचा पाला उकळून घाली. त्याचा उग्र वास आमच्या घराला, कपड्यांना, अगदी ओटच्या भाकरीलाही यायचा. मेण कालवताना ती गुणगुणायची. एरवी कुणाशी धड बोलायची नाही, पण ते भांडं चुलीवर चढलं की बाईचा गळा मोकळा. "माझं टोक पाहुणं नव्हे," ती गिऱ्हाइकांना सांगायची. "घरजावई आहे. एकदा आत गेलं की निघायचं नाव नाही." गिऱ्हाइकं हसायची. आम्हीही हसायचो. ते लोखंड कुणाच्या तरी अंगात जातं, हे माहीत असून आम्ही हसायचो.

माझा भाऊ रँडल, म्हणजे दादा, तिच्या अगदी उलट. शांत, हळू बोलणारा, आणि चिमटा काढला तर तो समोरच्याला घरी गेल्यावर कळायचा. धनुष्य त्याच्यासारखं आमच्या भागात कुणी ओढत नसे. एमॉट दिवसभर त्याच्यावर खेकसायची आणि तो दिवसभर खुशीत असायचा. "ज्या दिवशी ही ओरडणार नाही," तो मला म्हणायचा, "त्या दिवशी पाद्रीबाबांना बोलाव."

आता त्या मुलाबद्दल सांगते, जो पुढे आपला पाचवा हेन्री राजा झाला. आम्ही त्याला हॅरीच म्हणायचो, कारण चेस्टरची जहागीर त्याच्या नावावर होती आणि तो आमचाच मालक. पोराचं बालपण काही सुखाचं नव्हतं. आई बाळंतपणात गेली तेव्हा हा एवढासा. बापाला रिचर्ड राजाने देशाबाहेर घालवलं आणि पोराला आपल्याजवळ ठेवून घेतलं. पाहुणा म्हणा, ओलीस म्हणा. मग बाप फौज घेऊन परत आला, रिचर्डला खाली खेचून स्वतः गादीवर बसला आणि पोरगा मिसरूड फुटायच्या आत युवराज झाला. आम्हा चेशायरवाल्यांचा जीव रिचर्डवर. त्याचे पहारेकरी आमच्या गावांतले. त्यामुळे नव्या राजाचं नाव निघालं की आमची माणसं जमिनीवर थुंकायची. मग त्या उन्हाळ्यात उत्तरेचे सरदार बंड करून आले. रिचर्ड जिवंत आहे, चला, म्हणाले. आमचं अख्खं गाव उठलं.

निघायच्या आदल्या सकाळी दादा एमॉटच्या पाटाशी येऊन बसला. ती जुडीमागून जुडी बांधत होती.

"माझ्या भात्यातले सरसाने बसव," तो म्हणाला.

"का? हरणं मारायला चाललाय?"

"युवराजाच्या बाजूनेही चेशायरचीच माणसं उभी राहणार आहेत. मामाची मुलं असतील त्यांत."

"मग मामाच्या मुलांना म्हणावं, घरी बसा चीज खात." तिने मान वर केली नाही. "अहो, सरसाचा बाण ते अंगातून उपसून तुमच्यावरच सोडतील. मेणाचा बाण परत येत नाही. मला शिकवू नका."

तिच्या भांड्यातलं मेण थोडं बोटावर घेऊन दादाने तिच्या नाकाला लावलं आणि उठून गेला. ती त्याच्या पाठीमागे ओरडली. मग गुणगुणायला लागली.

श्रूजबरीजवळच्या वाटाण्याच्या शेतात लढाई झाली. आमचे लोक हरले. बंडाचा म्होरक्या सरदार मारला गेला, आणि रिचर्ड म्हणाल तर तो कधीच मेलेला होता, कुणाला दिसलाच नाही. परत आलेल्यांनी आणखी एक बातमी आणली. सोळा वर्षांच्या युवराजाच्या तोंडावर बाण लागला होता. डोळ्याखाली, गालातून आत. त्याने दांडा ओढला तर दांडा निघाला, टोक आत राहिलं. गावात दोन दिवस कुणी मोठ्याने बोललं नाही. आपल्याच मालकाच्या, त्या आईवेगळ्या पोराच्या तोंडात आपल्याच गावचं लोखंड असेल, असं प्रत्येकाच्या मनात आलं. बोलून दाखवायची कुणाची हिंमत नव्हती.

दादाला शेजारच्या टॉमकिनने गवताच्या गाडीत घालून आणलं. त्याच्या कमरेखाली, मांडीच्या वरच्या अंगाला जखम होती. दांडा नव्हता. टोक आत होतं.

एमॉटने पाणी गरम केलं, जखम धुतली आणि लोखंड किती आत आहे ते पाहायला बोट घातलं. मग बोट बाहेर काढून ती तशीच बसली. एकदम उठून तिने ते बोट झग्याला पुसलं, पुन्हा पुसलं, मग राखेत घासलं. "काय गं?" मी विचारलं. "काही नाही, वन्सं. पू आहे." तिने मला खरं सांगितलं ते फार वर्षांनी, पण तुमच्यापासून कशाला लपवू. तिला वास आला होता. ज्या वासात आम्ही सगळे जगत होतो तो वास नवऱ्याच्या जखमेतून आला. टोक तिचंच होतं.

त्याच आठवड्यात एक भिक्षू आमच्याकडे उतरला. तो युवराजाला ठेवलं होतं त्या किल्ल्यावरून आला होता आणि त्याने ऐकलेलं सगळं आम्हाला सांगितलं. राजाच्या वैद्याने कापडात गुंडाळलेल्या काड्या मधात बुडवून जखमेत ठेवल्या होत्या, रोज आधीपेक्षा जाड काडी, म्हणजे वाट रुंद होत जाते. मग एक बारीक चिमटा, मधे मळसूत्र असलेला. तो टोकाच्या मागच्या, दांडा बसतो त्या पोकळीत सरकवायचा, मळसूत्र फिरवलं की चिमट्याचे ओठ फाकतात आणि पोकळीला आतून धरतात. मग हळूहळू ओढायचं. भिक्षूने चुलीच्या दगडावर कोळशाने ते काढून दाखवलं. "मात्र माप नेमकं लागतं," तो म्हणाला. "बारीक झालं तर धरत नाही, जाड झालं तर शिरत नाही."

एमॉटने त्याच दिवशी मध आणि काड्या सुरू केल्या. वाट रुंद होऊ लागली. विल्किन लोहाराला बोलावणं गेलं. तो दादाच्या उशाशी बसला, चित्र पाहिलं आणि म्हणाला, "हे मी करीन. पण टोक कुणाचं ते सांगा. आपलं असेल तर पोकळीचं माप डोळे मिटून काढतो, हजारो घडवलीत. तिकडचं असेल तर त्यांचे दांडे जाड, पोकळी मोठी."

"तिकडचं," दादा म्हणाला. "मी पाहिला दांडा. जाडच होता. राखाडी पिसं."

विल्किन एमॉटकडे वळला. "वहिनी, बोट घालून तुम्ही पाहिलंत. तुमचं काय मत?"

मी तिथेच होते, दादाच्या पायांशी. एमॉट काड्यांना कापड गुंडाळत होती. गुंडाळतच राहिली. "यांनी पाहिलंय ना डोळ्यांनी," ती म्हणाली. "मला कशाला विचारता."

एवढंच. एक शब्द बोलायचा होता. तो बोलली असती तर गावभर झालं असतं की एमॉटचा घरजावई एमॉटच्याच घरी आला. दादाचं ते सरसाचं बोलणं बरोबर होतं हेही तिला कबूल करावं लागलं असतं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे दादाला कळलं असतं. तो तिकडचा बाण समजून बसला आहे, त्याला तेवढी शांती राहू दे, असं ती स्वतःला सांगत राहिली. आपल्या सोयीची गोष्ट आपण दुसऱ्याच्या नावावर किती सहज खपवतो. ती मधल्या दिवसांत विल्किनच्या भट्टीपर्यंत गेलीही होती. दाराशी उभी राहिली, त्याने "काय वहिनी?" विचारलं, आणि ती चुलीसाठी निखारे मागून परत आली. घरी चूल पेटलेलीच होती.

चिमटा मोठ्या मापाचा झाला. पोकळीत शिरेना. विल्किनने जोर लावला, तेव्हा दादाने दातांखालचं चामडं तोडलं आणि टोक आणखी आत गेलं. पुढे हाडापाशी कुठे अडकलं ते कुणाच्या हाताला लागलं नाही. मग जखम वरून बंद झाली. ताप उतरला. दादा जगला, पण त्या पायावर पुन्हा कधी नीट उभा राहिला नाही, आणि दर हिवाळ्यात जखम उघडून वाहू लागली. तिकडे युवराजाच्या गालातलं टोक मात्र निघालं. त्याच्या वैद्याकडे नेमकं माप होतं.

एमॉटने मेणाचं भांडं डुकरांच्या खड्ड्यात पुरलं. लढाईचे बाण सोडले, फक्त शिकारीचे करू लागली, सरस आणि खिळा. गिऱ्हाइकं पलीकडच्या गावाला गेली. विहिरीवर बायका म्हणायच्या, "एमॉटचं मन हल्ली फार कोवळं झालंय." पूर्वी असं कुणी बोललं असतं तर तिची घागर सुखरूप घरी गेली नसती. आता ती ऐकून घ्यायची. बायका तिच्या आधी पाणी भरायच्या आणि ती उभी राहायची.

घरातही तसंच. ती दादाचं अंग पुसायची, त्याला पाठीवर घेऊन बागेत न्यायची, त्याच्यासाठी वाटाण्याचं कढण मऊ शिजवायची, आणि तोंडातून चकार शब्द नाही. तो मुद्दाम दारूचा पेला सांडायचा. ती पुसून घ्यायची. "एमॉट," तो एकदा म्हणाला, "अगं जरा भांड माझ्याशी. घर सुनं सुनं वाटतं." ती म्हणाली, "तुमच्याशी काय भांडायचं," आणि बाहेर गेली. दादा बराच वेळ दाराकडे पाहत होता. मला तेव्हा त्याचा चेहरा समजला नाही.

एका गोष्टीत मात्र तिचा जीव अडकलेला होता. गावात फेरीवाला येवो, भिक्षू येवो, चेस्टरहून कुणी बैल विकून येवो, ती एकच विचारायची: युवराजाचा गाल कसा आहे? उजवा की डावा? बोलताना ओढतो का? हिवाळ्यात दुखतो का? लोक तिला वेल्समधल्या लढायांचं सांगायचे, की पोराने कसे किल्ले घेतले, उपाशी फौज कशी धरून ठेवली. म्हाताऱ्या राजाशी त्याचं कसं पटत नाही, दरबारात कसा बापाच्या जागी बसतो, दारूच्या गुत्त्यांत कुणाबरोबर असतो, तेही सांगायचे. ती सगळं ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "ते असू दे. गालाचं सांगा." दादा अंथरुणातून म्हणायचा, "माझ्या बायकोचा युवराजावर जीव जडलाय. मी लंगडा, तो तरणाबांड. माझं काही चालायचं नाही." सगळे हसायचे. एमॉट हसायची नाही. आणि आता आठवतं, दादाही शेवटी शेवटी हे वाक्य बोलून हसत नसे.

दर ईस्टरला ती पाद्रीबाबांपुढे गुडघे टेकायची. मेणाचं पाप सांगायची. पाद्रीबाबा म्हणायचे, बाई, बाण करणं हे पाप नाही, तुझा नवरा राजाविरुद्ध गेला हे पाप आहे, घरी जा. विल्किनने विचारलं तेव्हा ती गप्प बसली, हे तिने देवाच्या दारातही कधी सांगितलं नाही. त्यामुळे तिला माफी मिळाली ती दर वर्षी दुसऱ्याच कशाची तरी, आणि ती तशीच जड पावलांनी परत यायची.

म्हातारा राजा मेला आणि हॅरी गादीवर बसला ते साल तुम्हाला आठवत असेल. राज्याभिषेकाच्या दिवशी एप्रिल असून बर्फ पडलं. आमच्याकडे मेंढ्यांची कोकरं गेली. तरी गावाने मोठा जाळ पेटवला, कारण नवा राजा चेशायरवर राग धरणार नाही असं सगळे म्हणत होते. ज्याच्या तोंडावर आम्ही बाण मारले तोच आमचा राजा झाला होता, आणि आम्ही त्याच्या नावाने पेले उचलत होतो. विल्किन सगळ्यात मोठ्याने ओरडत होता.

दादा त्या हिवाळ्यानंतर उठलाच नाही. जखम काळी पडली होती, अंग पेटलेलं. त्या दुपारी मी त्याच्या पायांना गरम विटा लावत होते. एमॉट ओला कपडा घेऊन आली, कपाळावर ठेवला आणि मग त्याच्याशेजारी खाली बसली.

"अहो," ती म्हणाली, "ते टोक माझं होतं."

"हो," दादा म्हणाला.

"हो म्हणजे?"

"दांडा ओढला तेव्हाच वास आला." तो थांबून थांबून बोलत होता. "आमचे चुकलेले बाण वाटाण्याच्या वेलांत पडायचे. तेच उचलून युवराजाची माणसं आमच्यावर मारत होती. दांड्याच्या टोकाला तुझं मेण होतं. मी तिथेच मोडून टाकला."

"आणि विल्किनला राखाडी पिसं सांगितलीत."

"तुला कळू नये म्हणून. तापात वाटलं, वैद्याचं अवजार ते, थोडं माप चुकलं तरी धरेल. तू मेण कालवताना गुणगुणायचीस. हे कळलं असतं तर तू पुन्हा गुणगुणली नसतीस." त्याने श्वास घेतला. "तशीही थांबलीसच. ओरडणंही थांबवलंस. मला वाटलं, लंगड्या नवऱ्याचा कंटाळा आला."

बाहेर जाळापाशी कुणीतरी नव्या राजाचा जयजयकार करत होतं. एमॉटचा चेहरा राखेसारखा झाला. मला वाटलं ती आता इथेच थांबेल. थांबली असती तर दादा सुखाने गेला असता आणि ती सुटली असती. पण ती थांबली नाही, आणि त्यासाठी मी तिला आजही मानते.

"मला तेव्हाच कळलं होतं," ती म्हणाली. "बोट घातलं तेव्हाच. विल्किनने मला विचारलं तेव्हा मला माहीत होतं. माप माहीत होतं. मी बोलले नाही. तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात. मी माझ्यासाठी गप्प बसले."

दादा छताकडे पाहत राहिला. तो मनातल्या मनात ती वर्षं मागे नेऊन पाहत असावा. विल्किन उशाशी, काड्यांना कापड, तो प्रश्न. त्या एका शब्दाने तो चालता राहिला असता, हे त्याला समजलं, मला त्याच्या डोळ्यांत दिसलं. मी शिवीची वाट पाहत होते. एमॉटही पाहत होती, आसुसून पाहत होती. तिला ती शिवी हवी होती.

"म्हणजे," दादा म्हणाला, "कंटाळा नव्हता आला."

एमॉटने नाही म्हणून मान हलवली.

त्याने पांघरुणातून हात बाहेर काढून तिच्याकडे केला. ती त्या हाताकडे नुसती पाहत बसली. आपले हात तिने मांडीखाली दाबून धरले होते. तो हात तसाच हवेत राहिला आणि ती काही केल्या धरेना. शेवटी मी विटा बाजूला ठेवल्या, तिचा हात ओढून काढला आणि त्याच्या हातात दिला.